धाकट्या सुनेचं वकीलपत्र

नारळी पौर्णिमेला सगळी मुंबई समुद्राला नारळ देते. आमची सुलूताई देत नाही. ती हळदकुंकू लावलेला नारळ घेऊन लालबागहून बसने वरळीच्या बाजूला जाते, समुद्राकडे सरळ पाठ करते आणि तटरक्षक दलाच्या फाटकावर पहाऱ्याला असलेल्या जवानापुढे नारळ धरून म्हणते, "लो भाऊ, ये तुम्हारा."

तो बिचारा घेऊ शकत नाही. दर वर्षी नवा जवान असतो. कधी केरळचा, कधी ओरिसाचा, कधी पार हरियाणाचा. त्याला बंदूक, बोट, दुर्बीण सगळं शिकवलेलं असतं, पण नारळ घेऊन आलेल्या बाईचं काय करायचं हे शिकवलेलं नसतं. तो म्हणतो, अलाउड नहीं है. सुलूताई म्हणते, मी कुठे परवानगी मागितली? एका वर्षी तर तिने नारळ फाटकाच्या पायाशी ठेवला आणि चालू लागली. लगेच शिट्टी वाजली. बेवारस वस्तू ठेवून जाता येत नाही म्हणे. "बेवारस कैसा? मी आहे ना वारस," असं म्हणून ती फाटकासमोरच ठाण मांडून बसली. शेवटी आतून एक साहेब आले, त्यांनी हात जोडले, आभार मानले आणि नारळ परत तिच्याच पिशवीत घातला.

मग ती रस्ता ओलांडून समुद्राच्या कठड्यावर नारळ फोडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटते. सकाळी पळायला आलेली, साखरेला न शिवणारी मंडळी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकतात, कारण समोर सुलूताई उभी असते आणि ती सांगते, "तटरक्षक दलाचा प्रसाद आहे. नाही म्हणायचं नाही."

मी एकदा विचारलं होतं, समुद्राला का नाही देत? तर म्हणाली, "दर्याला लाच कशाला द्यायची? मेला नारळ पण खातो नि माणूस पण खातो. त्याच्या तोंडातून माणूस काढतो कोण, त्याला द्या की."

आता तुम्ही म्हणाल, बाई विक्षिप्त आहे. असेल. आमच्या चाळीत शहाणी माणसं भरपूर आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाकडूनही मला आजवर ऐकण्यासारखं काही मिळालेलं नाही.

सुलूताई तारी आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मसाल्याचा डंक चालवते. डंक म्हणजे मिरच्या कांडायचं यंत्र. त्याचा धाडधाड आवाज माझ्या खोलीच्या जमिनीतून वर येतो, कारण माझी खोली बरोबर डोक्यावर आहे. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे कोणी पाहुणा येत नाही. आला तर शिंकत येतो आणि रडत जातो. सुलूताईचे यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. लोकांना वाटलं, बाई डंक विकेल आणि गावाला जाईल. तिने यंत्राचा पट्टा बदलून घेतला आणि पाटीवर स्वतःचं नाव घातलं.

डंकावरचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा, म्हणजे पुढचं समजेल. आपला मसाला आपण राखायचा. भाजलेल्या मिरच्यांचा डबा टाकून कोणी निघून जात नाही. माझी बेडगी दुसरीच्या लवंगीत गेली तर, माझं दगडफूल तिच्या डब्यात पडलं तर, या धास्तीने प्रत्येक बाई आपला नंबर येऊन मसाला होईपर्यंत तिथेच उभी. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी आणि पाय जागच्या जागी. अशा श्रोत्यांसाठी पुढारी पैसे मोजतात. सुलूताईला ते फुकट मिळतात, आणि ती त्यांना तटरक्षक दलाविषयी सांगते.

डंकाच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे तिचा आवाज साध्या गप्पांनाही भाषणासारखा लागतो. विषय कुठूनही सुरू होवो, गाडी तिथेच येणार. कुणी म्हणालं सुरमई महागली, की ही म्हणणार, सुरमई आणणारा बुडाला तर त्याला काढायला कोण जातं ठाऊक आहे का? कुणाचा जावई नेव्हीत लागला, की ही म्हणणार, अभिनंदन, पण पांढऱ्या जहाजावर असता तर डबल अभिनंदन केलं असतं. राखाडी जहाज नेव्हीचं, अंगावर तिरका पट्टा असलेलं पांढरं जहाज तटरक्षक दलाचं, हे लालबागमधल्या शाळकरी पोरांना ठाऊक नसेल, पण मसाला कांडून नेणाऱ्या एकूण एक बाईला ठाऊक आहे.

तिचं एक ठरलेलं वाक्य आहे. "आधी काढा, मग पकडा." म्हणजे बुडणाऱ्याला आधी बाहेर काढा, चोराला नंतर पकडा. हे दलाचं पहिलं काम आणि ते दुसरं. यावर नाना परबांशी तिचा कायमचा वाद.

नाना गोदीत फिटर होते. लढाऊ जहाजांच्या पोटात शिरून त्यांनी आयुष्य काढलं, त्यामुळे प्रत्येक युद्धनौका त्यांना आपली लेक वाटते. बायको गेल्यापासून मसाला कांडायला तेच येतात आणि बायकांच्या रांगेत डबा घेऊन ताठ उभे राहतात. त्यांचं म्हणणं, समुद्रातून शत्रू येतो, हे आपण मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा जहाजं हवीत ती तोफांची. वादळाचा इशारा असताना मासे धरायला जाणाऱ्यांसाठी देशाने किती खर्च करायचा?

हा मुद्दा काही अगदीच टाकाऊ नाही. सुलूताईलाही तो टाकाऊ वाटत नाही, म्हणून तर ती इतकी चिडते. तिचं उत्तर सगळ्या चाळीला पाठ आहे.

"नाना, ही धाकटी सून आहे रे घरातली. चोर पकडायचा तिनं, तस्कर अडवायचा तिनं, कुणाच्या जहाजातून तेल सांडलं की पुसायचं तिनं, नि रात्री-अपरात्री कोण बुडतोय म्हणून धावायचं पण तिनंच. नि सणाला साडी घेताना आधी मोठ्या सुनेला."

नाना म्हणतात, मोठी सून लढाई करते.

"लढाई कधीतरी. भांडी रोज."

त्यावर सगळ्या रांगेतल्या धाकट्या सुना हसतात आणि थोरल्या गप्प बसतात. एकदा तर दोन सख्ख्या जावा एकाच डब्याचा मसाला घेऊन आल्या होत्या, त्या जाताना वेगवेगळ्या गेल्या.

अर्थसंकल्पाच्या दिवशी सुलूताई डंक बंद ठेवून माझ्या घरी टीव्ही बघायला येते. तिच्या घरी टीव्ही आहे. पण मी एका कंपनीत हिशेब लिहितो, म्हणजे देशाचा हिशेबही मला कळत असणार, असा तिचा समज आहे. भाषण चालू असतं आणि ही दर दोन मिनिटांनी विचारते, आपलं आलं का रे? शेती येते, रेल्वे येते, सोन्यावरचा कर येतो. आपलं काही येत नाही. मी समजावतो की हे संरक्षणाच्या मोठ्या रकमेत असतं, तिथे आतमध्ये त्यांचा वेगळा वाटा असतो. ती म्हणते, एकत्र कुटुंबात वाटा असाच हरवतो. एका वर्षी मी मोबाईलवर शोधशोध शोधून दाखवलं की तरतूद वाढली आहे. मला वाटलं, आता तरी बाई खूश होईल. झाली. खाली जाऊन माझ्यासाठी वाटीभर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं घेऊन आली आणि वाटी हातात देता देता म्हणाली, "वाढलंय ते कळलं. आता पुरतंय का ते बघ."

निवडणुकीला उमेदवार हात जोडत चाळीत आला तेव्हाचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. बाकीच्यांनी गटार मागितलं, संडासाची दारं मागितली. सुलूताईने जहाजं मागितली. उमेदवार आधी हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, ताई, हे माझ्या हातात नाही, हे केंद्राचं. ती म्हणाली, मग तुला हात कशाला जोडू देऊ? केंद्राला जाऊन जोड. कार्यकर्त्यांनी तिला बाजूला करायचा प्रयत्न केला. डंकाजवळ उभ्या असलेल्या बाईला बाजूला करता येत नाही. तिने नुसतं चाळणीवर हात मारला आणि उमेदवारासकट सगळा प्रचार शिंकत शिंकत पुढच्या चाळीत गेला.

हे सगळं वेड कुठून आलं, ते गल्लीत कुणापासून लपलेलं नव्हतं. ते डंकापाशीच बसलेलं असायचं, तराजूमागे.

बाबल हा तिचा धाकटा भाऊ. देवगडच्या बाजूच्या एका वाडीतला, मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चालायची. ऐन हंगामात वादळ आलं, इंजिन बंद पडलं, बोट फुटली. बाबल आणि त्याचे दोन सोबती एका रिकाम्या पिंपाला धरून पाण्यात राहिले. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर आलं आणि तिघांनाही वर घेतलं. या साऱ्या प्रकाराचं बाबलकडून मी ऐकलेलं संपूर्ण वर्णन असं, "वरसून दोरी इली. मगे मी वर गेलंय."

बाकीचं सगळं सुलूताई सांगायची. दोरीला धरून एक जवान खाली आला, त्याने बाबलला घट्ट मिठी मारली आणि वर नेलं. तो दक्षिणेकडचा कुठला तरी, वर जाईपर्यंत बाबलच्या कानात त्याच्या भाषेत बोलत होता. बाबलला एक अक्षर कळलं नाही. "काय बोलला असेल रे तो?" हे सुलूताई मला कितीदा तरी विचारायची. मी म्हणायचो, घाबरू नको म्हणाला असेल. तिला ते पुरेसं वाटायचं नाही.

बाबल पुन्हा पाण्यात गेला नाही. बायको त्याला कधी मिळालीच नव्हती, तेव्हा सुलूताईने त्याला मुंबईला आणला आणि तराजूमागे बसवला. तो मिरच्या तोलायचा. इतक्या वर्षांत तो एकदाही शिंकला नाही, हे त्याचं आमच्या गल्लीतलं मोठेपण. संध्याकाळी भावाबहिणीचं जेवण व्हायचं आणि माझ्या जमिनीतून सुलूताईचा एकटीचा आवाज वर यायचा. तो फक्त हुंकार देत असणार. पण आवाज दोघांच्या संसाराचा होता, एवढं मला वरूनही कळायचं.

गेल्या हिवाळ्यात बाबलची छाती भरली. इस्पितळात ठेवलं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. सुलूताईने खाट खिडकीजवळ घेतली, त्याला पेज भरवली, पाठ चोळली, आणि एका सकाळी तो गेला. आम्ही चाळीची माणसं त्याला पोचवून आलो. गावाहून कोणी आलं नाही, कारण गावाला आता कोणी उरलेलंच नव्हतं. तेरावा झाल्यावर तिने डंक चालू केला. तराजूमागे कुणाला बसवलं नाही, तोलायचं कामही तीच करू लागली.

मला वाटलं होतं, आता भाषणं थांबतील. डंकावरच्या बायकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या मुद्दाम दुसरे विषय काढायच्या. पण मे महिन्यात नाना परब डबा घेऊन आले. मीही माझ्या घरचा मसाला राखत उभा होतो. बातम्यांत काहीतरी आलं होतं, इशारा असूनही बोटी बाहेर गेल्या होत्या आणि त्यांना शोधायला जहाज निघालं होतं. सुलूताई सवयीने म्हणाली, बघा, धाकटी निघाली भांडी घासायला. नानांनी नेहमीचा मुद्दा काढला. मग वादाच्या भरात ते बोलू नये ते बोलून गेले. म्हणाले, वाचवून तरी काय होतं? तुझा बाबल वाचवला, एवढं हेलिकॉप्टर पाठवलं. पुढे काय केलं त्यानं? मिरच्या तोलल्या. आणि शेवटी गेलाच ना?

नाना वाईट माणूस नाहीत. पण त्या क्षणी मला त्यांचा डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

सुलूताईने डंक बंद केला. हंगामात, डंकात मसाला असताना, तो कधी बंद होत नाही. एकदम इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या बसचा आवाज ऐकू आला. ती बोलली ते मात्र हळू बोलली, आणि तिच्या गावच्या बोलीत बोलली.

"नाना, आमचो बापूस दर्यात गेलो, तो गावलोच नाय. मगे भटजीन सांगल्यान म्हणान दर्भाचो माणूस केलो. तेका धोतर नेसवला नि तेका आग दिली. माझी आई तेच्या पायाक पडली. मी त्या गवताक रडलंय रे नाना, गवताक." "बाबलाक मी माझ्या हातान न्हाणयलंय. कानाच्या पाठसून साबण लावलंय, लहानपणी लावी तसो. तो घरातल्या खाटेर मेलो. माझ्या पुढ्यात मेलो. तुका ह्या कमी वाटता? मी सरकाराकडे आणखी काय मागतंय? माणसां आपापल्या घरात मरांदेत. एवढाच."

नानांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. सुलूताईने डंक सुरू केला, माझा मसाला संपवला, मग नानांचा घेतला, आणि तो एकदा जास्त कांडला. डबा परत देताना ती म्हणाली, बारीक केलाय, तुला दात नाहीत. नाना हो म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते युद्धनौकांविषयी बोलतात, पण आपल्या घरी बोलतात.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला सुलूताई सकाळीच माझ्या दारात आली आणि चल म्हणाली. याआधी तिने मला कधी बोलावलं नव्हतं, फाटकावरचं सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं. मी बघितलं तर हातात पिशवी नव्हती. मी विचारलं, नारळ? ती म्हणाली, घरातलं माणूस गेलंय, यंदा आपल्याकडे सण नाही.

मग जायचं कशाला, हे मी बसमध्ये विचारणार होतो. विचारलं नाही. ती खिडकीशी सरळ बसली होती, तोंड बंद ठेवून, आणि सुलूताईचं तोंड बंद असलं की मला काही विचारायचा धीर होत नाही.

फाटकावर या वर्षीही नवा जवान होता, सावळा, उंच, अगदी तरुण. आम्हाला बघून तो दोन पावलं पुढे आला. सुलूताई त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ती नेहमीच्या आवाजात सुरू होणार. तिने पदर नीट खांद्यावरून घेतला.

"मेरा भाई था, बाबल," ती म्हणाली. "तुम्हारे लोगों ने दर्या से निकाला था. वो गया. घर में गया, बिस्तर पे. बताने को आयी."

तेव्हा मला कळलं ती कशाला आली होती. आमच्याकडे माणूस गेलं की नातेवाइकांच्या घरी जाऊन सांगावं लागतं. फोन चालत नाही, जवळच्यांना तर नाहीच. ती तिच्या नातेवाइकांकडे सांगायला आली होती.

त्या जवानाला यातलं किती कळलं, मला ठाऊक नाही. बाबल कोण, कधी काढला, कुणी काढला, त्याला काहीच माहीत असायचं कारण नव्हतं. तेव्हा तो कदाचित शाळेत असेल. पण त्याने अलाउड नहीं है म्हटलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग चौकीत जाऊन पाण्याची बाटली आणली, झाकण उघडून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "अच्छा किया अम्मा, बताया."

आमच्याकडे सांगायला आलेल्याला हेच म्हणतात, बरं केलंत सांगितलंत. आणि आधी पाणी देतात. हे त्याला कुणी शिकवलं असेल, कुठल्या समुद्राकाठच्या गावात? मी त्याला विचारायला हवं होतं.

सुलूताई उभ्याने पाणी प्यायली, बाटली परत दिली आणि वळली. बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो. समोर कठड्यापाशी लोक समुद्रात नारळ सोडत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. तिने तिकडे बघितलंही नाही.

स्टॉपवर बस यायला वेळ होता. मी म्हणालो, सुलूताई, बरं वाटलं ना?

"हो रे," ती म्हणाली. "झालं सांगून. आता सांगायला कोण उरलं नाही."